पिनबॉलचा तुटलेला तुकडा

आजचा विषय जेमतेम तळहाताएवढा आहे: पिनबॉलच्या यंत्रावरचा रंगीत प्लास्टिकचा एक तुकडा, आणि तो तुटल्यावर त्याचे करायचे काय.

पिनबॉल म्हटले की आपल्यापैकी अनेकांना विंडोज एक्सपीमधला तो अंतराळाचा खेळ आठवेल. साहेब जेवायला गेले की तो उघडायचा! खरे यंत्र मात्र अमेरिकेतले, तेही मुख्यतः शिकागोचे. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या मोठ्या कंपन्या तिथल्याच. 1947 साली गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ला विजेवर चालणारे फ्लिपर आले. त्याआधी गोळी सोडायची आणि बरेचसे नशिबावर सोपवायचे. न्यूयॉर्कने याला जुगारच ठरवले होते. 1942 साली महापौर ला गार्डिया यांनी यंत्रे जप्त केली आणि छायाचित्रकारांसमोर घणाने फोडली. बंदी उठली 1976 मध्ये. रॉजर शार्प याने नगर परिषदेच्या समितीसमोर नेम धरून खेळून दाखवले, तेव्हा हे कौशल्य आहे हे पटले.

आता आपला तुकडा. फ्लिपरच्या वर दोन्ही बाजूंना त्रिकोणी जागा असतात, त्यांना स्लिंगशॉट म्हणतात. त्यांच्यावर पारदर्शक प्लास्टिकचे चित्र स्क्रूने बसवलेले असते. लग्नपत्रिका छापतात तसेच स्क्रीन प्रिंटिंग, पण उलटे: चित्र प्लास्टिकच्या मागच्या बाजूला, आधी काळ्या रेषा, मग रंग, शेवटी पांढरा थर. खालून दिवा लागला की चित्र उजळते. त्या दिव्याच्या उष्णतेने प्लास्टिक वर्षानुवर्षे वाकते, ठिसूळ होते. आणि एक दिवस ऐंशी ग्रॅमची पोलादी गोळी उसळून कडेवर आदळते.

बनवणाऱ्यांना याची फिकीर नव्हती, आणि त्यात त्यांचे चुकलेही नाही. यंत्र बारमध्ये ठेवायचे, काही वर्षे नाणी गोळा करायची, मग नवे आणायचे, असा तो धंदा. पण 1999 साली विल्यम्सने पिनबॉल विभागच बंद केला. गोळीने किल्ला पाडायचे त्यांचे ‘मेडीव्हल मॅडनेस’ 1997 चे, चार हजारांच्या आसपासच बनलेले. कारखाना गेला की सुटे भाग मोजकेच उरतात. पुढे काही लोकप्रिय यंत्रांचे भाग पुन्हा छापले जाऊ लागले. बाकीच्यांचे मालक स्वतःच कारागीर झाले.

जोडकाम दिसते तितके सोपे नाही. हात आधी फेव्हिक्विकसारख्या गोंदाकडे जातो. पण त्याची वाफ जवळपास बसते आणि पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुरकट छटा राहते. अ‍ॅसिटोनने पुसावे, तर शाईच निघून येते. म्हणून सौम्य साबणाचे पाणी, मऊ कापड आणि धीर. तुकडे सपाट पृष्ठावर चिकटपट्टीने जुळवायचे, भेगेत दोन ट्यूबांतले एपॉक्सी काडीच्या टोकाने भरायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. शेवटी त्याच आकाराचा पातळ पॉलिकार्बोनेटचा तुकडा कापून खाली आधाराला द्यायचा, म्हणजे पुढचा मार तो खातो. जमले तर काचेचे छप्पर बसवल्यावर भेग शोधावी लागते.

नवा छापलेला संच मिळत असेल तर एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. संच जरूर बसवा. यंत्र खेळण्यासाठी आहे. पण जुना तुकडा कचऱ्यात टाकू नका, असे मी आग्रहाने म्हणेन. मूळ फिल्म हाती नसेल तेव्हा नवी प्रत अशाच एखाद्या जुन्या तुकड्याला स्कॅन करून काढतात. तो उन्हाने आणि दिव्याने विटलेला असेल, तर विटलेला रंगच खरा म्हणून छापला जातो. मूळ लाल किती लाल होता, हे कळते ते स्क्रूच्या डोक्याखाली, जिथे उजेड पोचलेला नसतो. तेवढा नखाएवढा गोल घरंगळून हरवला, तर रंग अंदाजानेच लावावा लागतो.

तेव्हा परत बसवताना एक करा: स्क्रू करकचून आवळू नका, किंचित सैल राहू द्या. अनेकदा पहिली चीर त्या भोकापासूनच गेलेली असते.