सात सुताची पिन आणि किलोवर चाललेला इतिहास

मंडळी, आज राजकारण नाही. पोस्ट मोठी आहे, पण ज्याच्या घरी कधी ट्रॅक्टर होता त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

मागच्या आठवड्यात शिरूरहून दौंडकडं येताना रस्त्याकडेच्या एका भंगाराच्या दुकानासमोर गाडी थांबवली. दारात जुना आयशर उभा होता. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, रेडिएटरच नाही. टायर गेलेले, सीटच्या जागी पोतं. मालकाला विचारलं, "कितीला घेतला?" तो म्हणाला, "किलोवर घेतलाय साहेब. उद्या गॅसकटर लावायचा." गुपचूप दोन फोटो काढले आणि निघालो. पण डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

थोडं मागं जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून लोक तो घेईनात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढं तोच नांगर घरोघरी गेला. ट्रॅक्टरचंही तसंच झालं. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं ट्रॅक्टर म्हणजे परदेशी माल. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला, तो आयशरचा. म्हणजे भंगारात उभा होता तो त्याच घराण्यातला.

१९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशी भागीदारी करून मुंबईत ट्रॅक्टर बनवायला घेतले. त्यातला बी-२७५ अजूनही काही वाड्यांवर पाण्याचा टँकर ओढताना दिसतो. १९६८ ला ट्रॅक्टर कारखान्यांवरचं परवान्याचं बंधन निघालं. मग झेटरच्या तंत्रावरचा एचएमटी आला आणि १९७४ ला पूर्ण देशी बनावटीचा स्वराज. त्याच सुमारास १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या साली दावणीचे बैल कसे गेले ते सांगतील. पुन्हा बैलजोडी उभी करणं सगळ्यांना जमलं नाही. ज्यांना जमलं नाही त्यांनी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून एकरावर नांगरट करून घ्यायला सुरुवात केली. तालुक्यात ट्रॅक्टर रुजला तो असा, गरजेपोटी.

आमच्या घरी २५ हॉर्सपॉवरचा सेकंडहँड ट्रॅक्टर होता. वडिलांनी कर्ज काढून घेतलेला. सातबाऱ्यावर बोजा चढला आणि तो उतरायच्या आधी ट्रॅक्टर विकावा लागला. दसऱ्याला त्याच्या बॉनेटवर हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायचो. माळ घातलेली ती शेवटची दसऱ्याची सकाळ मला अजून आठवते. असो.

आता मुद्द्याची गोष्ट. भूमिती पक्की असेल तर ट्रॅक्टर मरत नाही. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी अवजार तीन ठिकाणी जोडायची पद्धत काढली. खाली दोन दांडे, वर एक टॉप लिंक. त्याआधी अवजार नुसतं मागं ओढलं जायचं. खाली दगड लागला की ट्रॅक्टरचं तोंड वर, आणि चालक कधी कधी खाली. तीन ठिकाणी जोडल्यामुळं अवजाराचा भार ट्रॅक्टरच्याच मागच्या चाकावर येतो. म्हणून हलका ट्रॅक्टरही जड काम ओढतो. आज जगातला बहुतेक प्रत्येक शेतीचा ट्रॅक्टर याच पद्धतीचा आहे.

आणि त्याची मापं ठरलेली आहेत. आपले मिस्त्री मिलिमीटर बोलत नाहीत, सूत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बागेतल्या अगदी छोट्या ट्रॅक्टरला पाच सुताची पिन. मध्यम ट्रॅक्टरला खाली सात सुताची, वर सहा सुताची. मोठ्याला खाली नऊ, वर आठ. पन्नास वर्षांपूर्वीच्या मध्यम ट्रॅक्टरला आजचा त्याच मापाचा फण, रिजर किंवा पेरणी यंत्र सहज बसतं. फरक पडलाच तर बुश घालायचा. एवढी सोय मोबाईलच्या चार्जरलासुद्धा नाही.

पण सगळंच बसतं असं नाही. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी तीन गोष्टी बघाव्यात.

एक, पीटीओ. जुन्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा एकच क्लच असतो. क्लच दाबला की ट्रॅक्टरबरोबर रोटाव्हेटरही थांबतो. उसाच्या सरीच्या टोकाला वळताना याचा ताप होतो. गवत कापायच्या स्लॅशरसारखं जड फिरणारं अवजार असेल तर उलटं होतं. क्लच दाबला तरी अवजाराचा वेग गिअरबॉक्समधून ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. त्यावर एकाच दिशेनं फिरणारा ओव्हररनिंग कपलर मिळतो, तो बसवल्याशिवाय असं अवजार लावू नका.

दोन, ताकद. १५ हॉर्सपॉवरला मोठा रोटाव्हेटर लावून "ओढत नाही" म्हणून ट्रॅक्टरला शिव्या देऊ नका. चूक जोडणाऱ्याची आहे.

तीन, आटे. इंग्लंडच्या डिझाइनवरचे जुने ट्रॅक्टर, म्हणजे बी-२७५ किंवा मॅसी, त्यांचे बोल्ट इंचाचे. झेटर-एचएमटीचे मिलिमीटरचे. एकाचा बोल्ट दुसऱ्यात दाबून पिळला की आटे गेले, मग वेल्डिंग, मग भंगार. कितीतरी ट्रॅक्टर इंजिनामुळं नाही, अशा घाईमुळं मेलेत.

आणि एक कळकळीची विनंती. पीटीओच्या फिरत्या शाफ्टवर कव्हर बसवा. जुन्या ट्रॅक्टरवर ते बहुतेक नसतंच. धोतर, साडीचा पदर, गळ्यातला टॉवेल अडकायला एक सेकंद लागतो. बातमी लिहायला आम्हालाच जावं लागतं.

आता कुणी म्हणेल, जुन्याचं एवढं कौतुक कशाला? त्याचं उत्तर कृषी गणनेत आहे. महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ ला ती १.३४ हेक्टरवर आली. रान तिसऱ्या हिश्श्यावर आलं आणि ट्रॅक्टर मात्र मोठे होत गेले. वाटण्या झालेल्या तुकड्यात ५० हॉर्सपॉवर फिरवायचा म्हणजे निम्मं रान वळणातच जातं. म्हणून तर द्राक्ष, डाळिंब आणि पाच फुटी सरीतल्या उसासाठी कंपन्यांनी पुन्हा १५ ते २५ हॉर्सपॉवरचे छोटे ट्रॅक्टर काढले. गुजरातेत मनसुखभाई जगानींनी तर बुलेट मोटारसायकललाच मागं अवजार जोडलं आणि देशभर त्यांचं नाव झालं. गरज छोट्याचीच आहे. नवा छोटा ट्रॅक्टर परवडत नाही आणि जुना आपण किलोवर विकतोय. अनुदान मिळतं तेही नव्यालाच.

काही जण "दहा वर्षांनी ट्रॅक्टर मोडावाच लागतो" या अफवेला घाबरून विकतात. आपल्याकडं असा नियम नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानंही तसा खुलासा केलेला आहे. शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवून मिळते. एजंटाच्या नादी न लागता आरटीओत जाऊन विचारा.

खरी अडचण माणसांची आहे. जाम झालेल्या पिस्टनवर डिझेल ओतून चार दिवस धीर धरणारा मिस्त्री आता सापडत नाही. आवाजावरून नोझल ओळखणारे हात साठीच्या पुढं गेले. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स आहे. तिथल्या पोरांना वर्षातून एक मेलेला ट्रॅक्टर जिवंत करायला द्या आणि शेजारी एक जुना मिस्त्री मानधनावर बसवा. बाजार समित्या आणि साखर कारखान्यांनी मनावर घेतलं तर हा खर्च फार नाही.

बैलाची शर्यत २०२३ ला सुप्रीम कोर्टातून कायमची सुटली, त्यासाठी सगळा तालुका एक झाला होता. जुन्या ट्रॅक्टरसाठी कुणी मोर्चा काढणार नाही, काढूही नये. निदान विकायच्या आधी एकदा मिस्त्रीला दाखवा.

तुमच्या वाड्यावर, गोठ्यामागं, बाभळीखाली असा जुना ट्रॅक्टर उभा असेल तर फोटो टाका. कुठलं मॉडेल, कोणी आणला, पहिल्यांदा कुठल्या रानात घातला, एवढंच लिहा. मी सगळं जमवून ठेवणार आहे. तो आयशर मात्र वाचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, तेव्हा तो कापून झाला होता.