सजद्यातून उठताना

माझी मोठी खाला देगलूरला राहते. २०१२ च्या रमजानमध्ये एका रात्री नमाज पढताना ती सजद्यातून उठूच शकली नाही. "बेटा, सजदे से उठना नै होरा," ती म्हणाली. आम्ही म्हणालो, रोज्यांमुळे अशक्तपणा आला असेल. तिचं वय तेव्हा पंचेचाळीस.

ईद झाली तरी फरक पडला नाही. केस विंचरायला हात वर जाईना, पायरी चढताना भिंत धरावी लागे. ताप नव्हता, सूज नव्हती, फारसं दुखतही नव्हतं. त्यामुळे कुणी नजर लागली म्हणालं, कुणी आळस. आळस म्हणणाऱ्यांत मीही होतो. ताईत झाला, सलाइन झालं, आठ महिने गेले.

अखेर तिला हैदराबादला नेलं. देगलूर तेलंगणाच्या सीमेवरचं. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मोठ्या आजाराला हैदराबाद गाठायची सवय जुनीच. तिथे रक्तातलं सीके, म्हणजे स्नायू झिजले की वाढणारं द्रव्य, कित्येक पटींनी जास्त निघालं. मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला आणि नाव कळलं: पॉलिमायोसायटिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या स्नायूंवर उलटते. खांदे, कंबर, मांड्या आधी थकतात. म्हणूनच उकिडवं बसून उठणं अवघड होतं.

हा आजार नवा नाही. १८६३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट वागनर यांनी अशा रुग्णाची नोंद केली. डोळ्यांभोवती जांभळट डाग आणि बोटांच्या सांध्यांवर पुरळ येणाऱ्या प्रकाराला १८९१ मध्ये हाइनरिख उनफेरिख्ट यांनी डर्मेटोमायोसायटिस हे नाव दिलं. नाव मिळालं, पण पुढची पन्नासहून अधिक वर्षं नेमकं औषध नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलं. आमच्या घरात त्या दिवसांना आजही 'पुलिस ॲक्शन' म्हणतात आणि आवाज खाली करून बोलतात. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन संशोधकांना नोबेल मिळालं. हीच स्टेरॉइडं पुढे स्नायूंच्या या आजारालाही लागू पडली.

त्यांची किंमतही कळत गेली. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन यांसारखी औषधं जोडून स्टेरॉइडचा डोस हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून खालाने एकदा गोळी अचानक बंद केली आणि पुन्हा खाटेवर आली. हे औषध मनाने थांबवणं जिवावर बेतू शकतं. पूर्वी अशा रुग्णाला फक्त आराम सांगत. आता बेताचा, देखरेखीखालचा व्यायाम उपचाराचाच भाग मानतात.

२०२२ मध्ये समंथा या तेलुगू नटीने आपल्याला मायोसायटिस असल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या गल्लीला खालाचा आजार खरा वाटला. २०२४ मध्ये 'दंगल'मधली सुहानी भटनागर डर्मेटोमायोसायटिसने गेली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. त्या दिवशी खाला जेवली नाही.

आता ती खुर्चीवर बसून नमाज पढते. आजाऱ्याला दीनने ही सवलत दिलीच आहे, तरी सुरुवातीला तिला लाज वाटायची. घरात कुणी "उठवत नाही" म्हणालं, तर त्याचं वय किंवा नियत काढू नका. आधी डॉक्टरकडे न्या आणि सीके तपासायचं का, ते विचारा. घास गिळताना अडकत असेल किंवा धाप लागत असेल, तर एक दिवसही थांबू नका. आमचे आठ महिने वाया गेले, आणि तेवढ्यात तिच्या मांड्यांची जी ताकद गेली, ती पुरती परत आली नाही.