हजार वर्षांची वाट, की पन्नास वर्षांची?

ल प्वी ते काँक हे सुमारे दोनशे किलोमीटर आम्ही दोघांनी सायकलवर केले हे कळल्यापासून एकच प्रश्न येतोय. "म्हणजे हजार वर्षांपूर्वी यात्रेकरू जायचे त्याच रस्त्याने?" मावशीला फोनवर एवढंच म्हटलं की उत्तर लांबलचक आहे, ब्लॉगवर लिहीन. तर मंडळी, हे ते उत्तर.

आधी थोडा भूगोल. स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो द कोंपोस्तेला. येशूचा शिष्य संत याकोब तिथे पुरलाय अशी श्रद्धा. फ्रान्समधून तिकडे जाणाऱ्या वाटांपैकी एक ल प्वीहून निघते. ल प्वी म्हणजे फ्रान्सच्या मध्य-दक्षिण डोंगराळ भागातलं गाव, विझलेल्या ज्वालामुखींच्या मधोमध वसलेलं. तिथून सांतियागो साधारण दीड हजार किलोमीटर. आम्ही केला तो नुसता सुरुवातीचा तुकडा, पण चढ-उतार पाहता मांड्यांना तो पुरेसा वाटला :)

या वाटेचा पहिला नायक म्हणजे ल प्वीचा बिशप गोडेस्काल्क. तो 950-951 मध्ये सांतियागोला गेला. स्पेनबाहेरून तिथे गेलेल्या ज्या अगदी पहिल्या यात्रेकरूंची नावं आपल्याला माहीत आहेत, त्यांतला हा एक. हे कळतं कसं? वाटेत स्पेनमधल्या आल्बेल्दा मठात थांबून त्याने एका पोथीची नक्कल करवून घेतली. नक्कल करणाऱ्या गोमेसानो नावाच्या भिक्षूने तिच्यात बिशपाच्या यात्रेची नोंद केली, आणि ती पोथी टिकली. परतल्यावर गोडेस्काल्कने ल प्वीजवळच्या एका सुळक्याच्या माथ्यावर सेंट मिशेलचं चॅपल उभारलं. 268 पायऱ्या चढून आजही तिथे जाता येतं.

आता गंमत बघा. गोमेसानोच्या नोंदीत बिशप मोठ्या लवाजम्यासह आला हे आहे. कुठल्या वाटेने आला, ते नाही.

दुसरा पुरावा साधारण 1140 च्या सुमाराचा. संत याकोबावरच्या एका मोठ्या लॅटिन ग्रंथाचा पाचवा भाग यात्रेकरूंसाठी आहे. कुठल्या नदीचं पाणी पिऊ नये, कुठले नावाडी लुबाडतात, कुठल्या प्रांतातले लोक वाईट (शेजाऱ्यांबद्दल लेखकाचं मत फारच तिखट आहे) असं सगळं त्यात येतं. सुरुवातीलाच चार वाटा सांगितल्यात. त्यात आमच्या वाटेच्या वाट्याला एक वाक्यसुद्धा पुरतं येत नाही. ल प्वी, काँक, म्वासाक, बस्स. तीन ठिपके. मधली रेघ नाहीच.

मग आम्ही सायकल कुठल्या रेघेवर चालवली?

चालणाऱ्यांची पायवाट म्हणजे जीआर 65. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणांची. ती आखली गेली 1970 च्या दशकात, फ्रान्समधल्या हौशी पदयात्रींच्या चळवळीतून. दगडगोट्यांमुळे सायकलवाले बहुतेक वेळ तिच्या आसपासच्या लहान डांबरी रस्त्यांनी जातात, आम्हीही तसेच गेलो. 1987 मध्ये युरोप परिषदेने सांतियागोच्या वाटांना पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग ठरवलं. 1998 मध्ये युनेस्कोने फ्रान्समधल्या या वाटांवरच्या 71 वास्तू आणि पायवाटेचे 7 तुकडे जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ते सातही तुकडे या ल प्वीच्या वाटेवरचे. काही फ्रेंच इतिहासकारांना हे खटकतं. ते म्हणतात, 1938 मध्ये जान व्हिएयार या विदुषीने त्या लॅटिन पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं आणि लोकांनी तीन ठिपके जोडून राजमार्ग बनवला. मध्ययुगीन माणूस सोयीच्या रस्त्याने जायचा. व्यापाऱ्याचा, मेंढपाळाचा, जत्रेचा, जो असेल तो.

वाचताना मला हे थोडं जिव्हारी लागलं. एवढा घाम गाळल्यावर "वाट नकली आहे" कोण ऐकून घेईल?

पण सायकलवर बसलं की एक कळतं. डोंगराळ मुलखात वाट माणूस ठरवत नाही, जमीन ठरवते. आलिए नदीची दरी आडवी येते, तिच्यात उतरावंच लागतं. मोनिस्त्रोलला पूल ओलांडला की सोग गावाकडे चढ सुरू होतो. गोडेस्काल्क आला असेल किंवा नसेल, जो कोणी या बाजूने आला त्याने हा चढ चढलाच. पुढे ओब्राकचं पठार, सुमारे 1300 मीटर उंचीवर. झाड नाही, आडोसा नाही. गवत, दगडी कुंपणं, तांबूस गाई आणि वारा. तिथून लॉट नदीच्या खोऱ्यात उतरताना जवळजवळ हजार मीटरची घसरगुंडी. ब्रेक दाबून बोटं आखडतात.

ओब्राकच्या पठारावर 1120 च्या सुमारास एक यात्री-निवास उभा राहिला. आदालार नावाचा फ्लँडर्सचा सरदार इथे संकटात सापडला आणि वाचलो तर निवास बांधीन असा नवस बोलला, असं सांगतात. दंतकथा सोडून देऊ, पण निवास खरा होता. धुकं आणि बर्फ पडलं की तिथली घंटा वाजवत, हरवलेल्याला आवाजाच्या दिशेने येता यावं म्हणून. तिचं नावच 'हरवलेल्यांची घंटा'. ऐन उन्हाळ्यातही सकाळी दहा मिनिटांत धुकं आलं आणि पुढची सायकल दिसेनाशी झाली, तेव्हा ही घंटा कशासाठी ते वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही. (खाण्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: इथे 'अलिगो' मिळतं. कुस्करलेला बटाटा आणि ताजं चीज घोटून घोटून त्याची हातभर तार काढतात. पूर्वी बटाट्याऐवजी पाव असे.)

आणि मग काँक. इथली गोष्ट तर चोरीची आहे. संत फ्वा ही आजां गावची लहान मुलगी, रोमन काळात श्रद्धेपायी मारली गेलेली. तिच्या अस्थी आजांमध्ये होत्या. नवव्या शतकात काँकच्या मठातला एक भिक्षू तिकडे गेला, मठाच्या परंपरेप्रमाणे दहा वर्षं विश्वास कमावत राहिला आणि एके दिवशी अस्थी घेऊन पसार झाला. काँकच्या मठाने हे लपवलं नाही, उलट अभिमानाने लिहून ठेवलं. संताची इच्छा नसती तर अस्थी हलल्याच नसत्या, हा युक्तिवाद! आडदरीतल्या गावाकडे त्यानंतर यात्रेकरूंची रीघ लागली.

अस्थींसाठी सोन्याने मढवलेली बसकी मूर्ती केली. तिचं डोकं धडाहून जुनं, बहुधा उत्तर-रोमन काळातलं. 1013 मध्ये आंजेचा बर्नार हा विद्वान आला, मूर्ती पाहून हसला, ही तर मूर्तिपूजा म्हणाला. नंतर त्याचं मत पालटलं आणि त्यानेच तिच्या चमत्कारांचं पुस्तक लिहिलं. सुटलेले कैदी इथे बेड्या आणून वाहात. चर्चच्या दारावरच्या बाराव्या शतकातल्या शिल्पात त्या बेड्या टांगलेल्या दिसतात. तिथल्या शंभराहून अधिक आकृत्यांत गळ्यात पैशाची थैली बांधून फासावर लटकवलेला कंजूषही आहे. तो मला फार आवडला.

काँकला आलेले बरेचसे लोक सांतियागोला जाणारे नव्हतेच. ते संत फ्वाकडे आले होते. नवस फेडला, घरी गेले.

फ्रेंच क्रांतीत ल प्वीची काळी मारिया 1794 मध्ये जाळली गेली. काँकच्या गावकऱ्यांनी मात्र खजिना आपापसात वाटून लपवला आणि नंतर परत आणून दिला. सोनं होतं, वितळवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. 1837 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे येईपर्यंत चर्च मोडकळीला आलं होतं. ते वाचलं त्याच्यामुळे, आणि खजिना वाचला तो नाव न राहिलेल्या शेतकऱ्यांमुळे.

तर मावशी, उत्तर असं. रेघ पन्नास वर्षांची आहे. पूल, घंटा, चढ आणि ती सोनेरी मूर्ती जुनी. रेघ नव्याने काढली म्हणून मला फसवल्यासारखं वाटत नाही. कोणीतरी ती काढली नसती तर ओब्राकच्या पठारावर मी कशाला गेले असते?

असो. काँकच्या पुढे म्वासाक आहे. पुढच्या वर्षी रजा मिळाली तर बघू.