एक शेत, अनेक वह्या

चाकणच्या बाजारपेठेंत उभा राहून हल्लीं कोणीहि शेतकरी खिशांतील मोबाईल काढतो आणि आपल्या जमिनीचा सातबारा दोन मिनिटांत पाहतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराहि मिळूं लागला आहे. पूर्वीं हाच उतारा दप्तराच्या फडक्यांत बांधलेला असे आणि तो हातीं पडावयास तीन हेलपाटे ठरलेले असत. सोय मोठी झाली यांत शंका नाहीं. परंतु मी सारा जन्म मुलांना अंकगणित शिकविण्यांत घालविलेला मनुष्य आहें. उत्तर लवकर आलें एवढ्यावरून तें बरोबर असलेंच पाहिजे, असें मानण्याची मला संवय नाहीं.

संगणकाच्या शास्त्रांत ‘विखुरलेला डेटाबेस’ म्हणून एक प्रकार आहे. एकाच विषयाची माहिती अनेक ठिकाणीं सांठविलेली, अनेक हात तिच्यांत लिहिणारे, आणि तरीहि विचारणाऱ्याला सर्व ठिकाणांहून एकच उत्तर मिळालें पाहिजे, अशी ती व्यवस्था. ही गेल्या पन्नास वर्षांतील कल्पना आहे असें तरुण मंडळी समजतात. माझ्या मतें आपल्या पुणें जिल्ह्यांत असा डेटाबेस जवळजवळ दोनशें वर्षें चालूं आहे. तो कागदावर होता, एवढेंच. त्यांतील चुका कशा निघाल्या आणि कशा निस्तरल्या, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

चाकणजवळच्या महाळुंगे किंवा निघोजे गांवचें एखादें शेत घ्या. त्याचा नकाशा भूमि अभिलेख खात्याकडे. क्षेत्र व आकार आकारबंदांत. धारकाचें नांव तलाठ्याकडील गांव नमुना सातमध्यें. पीक नमुना बारामध्यें. त्या धारकाच्या गांवांतील सर्व जमिनींची बेरीज आठ-अ मध्यें. आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरींत. शेत एक, वह्या सहा. प्रत्येक वही आपल्यापुरती स्वच्छ असली, तरी त्या एकमेकींशीं जुळल्या नाहींत तर कर्ज मिळत नाहीं, विक्री अडते, आणि कारखान्यांसाठीं जमीन संपादन झाली तर मोबदल्याचा पैसा वादांत अडकून पडतो. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. तेव्हांपासून पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढें चाकण या पट्ट्यांत किती तरी कुटुंबांच्या संसाराचा निकाल वहींतल्या अशा एखाद्या ओळीनें लागला आहे.

पहिली मोठी चूक इंग्रजी अमलाच्या आरंभींची. पेशवाई गेल्यानंतर थोड्याच वर्षांनीं या जिल्ह्याची पाहणी रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आली. हा गृहस्थ इंग्लंडांत हेलीबरीच्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिकून आलेला. त्याचा सिद्धान्त असा कीं, शेताचें एकूण उत्पन्न काढावें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे. रीत सुंदर होती. पाटीवर मांडून दाखविली तर कोणीहि मास्तर पूर्ण गुण देईल. परंतु जमिनीची प्रत, पीक, बैलांचा खर्च, धान्याचे भाव, असे असंख्य आंकडे गांवोगांवीं फिरणाऱ्या कारकुनांनीं भरावयाचे होते, आणि तेथें अज्ञान व लांच या दोघांनींहि आपलें काम केलें. १८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाली. पडीक जमीन वाढली, आणि कित्येक लोक गांवें सोडून निजामाच्या मुलखांत गेले. गणित बिनचूक आणि गणितांत घातलेले आंकडे खोटे, हा प्रकार शाळेंत फार तर एका गुणावर भागतो. येथें तो माणसांच्या पोटावर गेला.

दुरुस्तीस आरंभ १८३५ सालीं इंदापुरास झाला. सनदी नोकर गोल्डस्मिड आणि एंजिनियर लेफ्टनंट विंगेट या दोघांकडे तें काम होतें. त्यांनीं प्रिंगलचीं उत्तरें तपासण्याबरोबरच त्याचा प्रश्नच बदलला, हें मला विशेष वाटतें. निव्वळ उत्पन्न डोळ्यांनीं दिसत नाहीं. मातीची खोली मात्र हातानें मोजतां येते. म्हणून खोली व पोत पाहून जमिनीला आण्यांत प्रत द्यावी, उत्तम जमीन सोळा आणे आणि तेथून खालीं उतरावें, असें त्यांनीं ठरविलें. ज्या गोष्टीची फेरतपासणी दुसऱ्या मनुष्याला करतां येते, तीच वहींत लिहावयाची. कारकुनानें केलेल्या कामांतील कांहीं भाग वरिष्ठानें स्वतः शेतांत उभें राहून पुन्हां तपासावयाचा. सारा तीस वर्षें कायम. मोजणीची सांखळी ३३ फुटांची. तिचा चौरस तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हें कोष्टक फळ्यावर लिहितांना मुलें कंटाळत. त्यांच्या पणज्यांच्या शेतांतून ती सांखळी ओढली गेली होती, हें त्यांना कोण सांगणार! १८४७ सालच्या संयुक्त अहवालांत या रीतीचे नियम पक्के झाले.

तथापि या वह्या सरकारनें आपल्या सोयीसाठीं केलेल्या होत्या. सारा कोण भरतो एवढेंच त्या सांगत; जमिनीवर हक्क कोणाकोणाचा, हें त्यांत नसे. तो तपशील सावकाराच्या पेटींतील रोख्यांत. १८७५ सालीं सुपें येथें शेतकरी उठले, तेव्हां त्यांनीं सावकारांचे रोखे व वह्या हुडकून जाळल्या. रागाच्या भरांतहि काय जाळावयाचें हें त्यांना नेमकें ठाऊक होतें.

हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला आणि १९१३ सालीं तो १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत सामावला गेला. आज १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम चालतो, पण मधली कल्ली तीच आहे. या पद्धतींतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावरचें नांव कोणींहि परभारें बदलावयाचें नाहीं. खरेदी झाली, वारस लागला, वांटणी झाली, कीं प्रथम नमुना सहामध्यें, म्हणजे फेरफार वहींत, अनुक्रमांक घालून नोंद करावयाची. तिची प्रत चावडीवर लावावयाची, संबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबावयाचें. हरकत आली तर वादाची वही निराळी. नाहीं आली तर मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावयाची, आणि मग सातबाऱ्यावर जुन्या नांवास कंस करून नवें नांव फेरफार क्रमांकासह लिहावयाचें. जुनें नांव खोडून नाहींसें करावयाचें नाहीं.

लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७८ सालीं एक प्रसिद्ध निबंध लिहिला. दूरदूरच्या यंत्रांचीं घड्याळें तंतोतंत जुळत नाहींत. म्हणून कोणती घटना आधीं आणि कोणती मागून, हें घड्याळावर न सोंपवितां चढत्या अंकांनीं ठरवावें, असा त्याचा आशय. त्याची रीत अर्थातच पुष्कळ सूक्ष्म आहे. पण आमच्या तलाठ्याच्या हातीं घड्याळ असो वा नसो, एका गांवांत फेरफार १२४० हा १२३९ च्या मागूनच नोंदलेला, हें कोणींहि सांगावें. शिवाय सातबाऱ्याचें पान वाळवीनें खाल्लें तर फेरफार वहीवरून तें बहुतेक पुन्हां उभें करतां येतें. आजचे डेटाबेस बांधणारे आधीं बदलांची नोंदवही लिहितात आणि मग मूळ माहितीस हात लावतात, तें याच कारणासाठीं.

एवढी चांगली रीत असतांना चुका कोठून आल्या? माझें उत्तर असें कीं, बहुतेक चुका रोजच्या लिहिण्यांत न होतां एका वहींतून दुसऱ्या वहींत माहिती नेतांना झाल्या. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वयें जुने भूमापन क्रमांक मोडून गट झाले. त्या उलथापालथींत कोणाचें क्षेत्र शेजाऱ्याच्या गटांत गेलें, कोणाचा बांध नकाशावर सरकला. पुढें दशमान पद्धति आली. एक गुंठा म्हणजे एक आर आणि वर थोडें. तें ‘थोडें’ सोडून देऊन ४० गुंठ्यांचे ४० आर लिहिले, तर एकरामागें सुमारें ४७ चौरस मीटर नाहींसे होतात. नांगरटीच्या जमिनींत हें कोणाला जाणवतहि नाहीं. चाकणला कारखाने आल्यावर तेवढ्या जागेला किंमत काय आली, तें तेथील लोकांस विचारावें. पिंपरी-चिंचवडला तर तिसराच घोळ. १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ सालीं महानगरपालिका झाली. शेतांचे प्लॉट झाले. जेथें नगर भूमापन झालें तेथें मिळकत पत्रिका आली, पण कित्येक ठिकाणीं जुना सातबाराहि चालूंच राहिला. एकाच जागेचे दोन मालकी कागद! लबाडाला याहून अधिक काय पाहिजे?

या सर्व वारशासह आपण संगणकाकडे आलों. १९८८-८९ मध्यें केंद्र सरकारनें प्रयोगासाठीं देशांतील आठ जिल्हे निवडले. त्यांत महाराष्ट्रांतील वर्धा होता. सबंध राज्याचा पसारा म्हणजे सुमारें ४४ हजार गांवें, ३५८ तालुके आणि अडीच कोटींच्या आसपास सातबारे. प्रथम प्रत्येक तालुक्याचा सांठा निराळा, आणि टंकलेखन जसें घडेल तसें. कागदावरील चूक तर आंत आलीच, शिवाय टंकलेखकाची तिच्या बरोबरीला बसली.

आणि येथें यंत्राचा एक गुण कामास आला. माणूस बेरीज पाहत नाहीं. यंत्राला सांगितलें तर तें प्रत्येक पानाची पाहतें. धारकांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी आहे काय, प्रत्येक धारकास खाते क्रमांक आहे काय, अशा तपासण्या प्रोग्रॅममध्यें घालण्यांत आल्या आणि न जुळणाऱ्या पानांच्या याद्या निघूं लागल्या. एक हेक्टर तिघां भावांत समान वांटलें तर प्रत्येकाचे ३३.३३ आर, बेरीज ९९.९९. एक चौरस मीटर कोणाचाच नाहीं! कागदावर हें पिढ्यान्‌पिढ्या खपलें. यंत्र तेंच पान पुन्हां पुन्हां पुढें करतें. तें कोणाच्या तरी नांवें लिहावेंच लागतें. २०२० सालीं सातबाऱ्याचा नमुनाहि सुधारला. लागवडीयोग्य व पोटखराब क्षेत्र निराळें दिसूं लागलें आणि प्रलंबित फेरफाराची सूचना उताऱ्यावरच येऊं लागली. निबंधकाच्या कचेरींतील नोंदणी फेरफाराशीं यंत्रानें जोडली गेली. खरेदीखत आणि फेरफार यांच्यामध्यें पूर्वीं जे महिने जात, त्या महिन्यांतच एक जमीन दोघांना विकतां येत असे. तें अंतर आतां बरेंच बुजलें आहे.

पण जी ओळ मुळीं लिहिलीच गेली नाहीं, ती बेरजेंत कशी सांपडावी? आमचे आजोबा १९७१ सालीं वारले. वारसाच्या फेरफारांत वडील व काका धारक म्हणून लागले आणि आत्याचें नांव ‘इतर हक्क’ या रकान्यांत गेलें. मुलींचीं नांवें तेथें टाकण्याची तेव्हां चालच होती. संगणकावर उतरवितांना ती ओळ गळाली. कोणाच्या हातून गळाली हें शोधण्यांत अर्थ नाहीं. छापील उतारा माझ्या कपाटांत कित्येक वर्षें होता. मीं तो अनेकदां पाहिला, क्षेत्राची बेरीजहि ताडून पाहिली आणि तृप्त झालों.

२०१७ सालीं गांवोगांवीं चावडी वाचन झालें. संगणकांतील सातबारे लोकांसमोर मोठ्यानें वाचावयाचे आणि चूक असेल तर सांगावयाची. आत्या तेव्हां ब्याऐंशी वर्षांची. तिला अक्षरओळख नाहीं. हट्टानें माझ्याबरोबर आली आणि खांबाला टेकून बसली. आमचा गट वाचून झाला. तिनें माझी बाही ओढली. “अरे मास्तर, दोघां भावांचीं नांवें झालीं. माझें कां नाहीं घेतलें?”

“आत्या, असेल पुढें,” मीं म्हटलें.

“पुढें दुसऱ्याचें शेत लागलें,” ती म्हणाली.

जुनी फेरफार वही निघाली. १९७१ ची नोंद शाबूत होती, आत्याच्या नांवासकट, खालीं प्रमाणित केल्याची सही. कायद्याच्या कलम १५५ अन्वयें लेखनांतील चूक तेवढी दुरुस्त करतां येते. हक्काचा वाद त्या कलमाखालीं सोडवितां येत नाहीं. मूळ नोंद हातीं असल्यामुळें आमचें प्रकरण पहिल्या प्रकारांत बसलें आणि तहसीलदारांचा आदेश झाला. ती नोंद नसती तर दिवाणी दावा लावावा लागला असता, आणि तो आत्याच्या हयातींत संपला असता असें मला वाटत नाहीं. पुढें रस्त्यासाठीं त्या शेताची एक पट्टी गेली, तेव्हां मोबदल्याच्या यादींत तिचें नांव होतें.

नवा उतारा मीं तिला वाचून दाखविला. तिनें आपलें नांव असलेली ओळ बोटानें धरून ठेवावयास सांगितलें आणि दोनदां वाचून घेतली. त्या ओळींत १९७१ चाच फेरफार क्रमांक आहे, आणि त्याच्या शेजारीं दुरुस्तीचा नवा.