येवल्याच्या मागावर टांगलेला प्रोग्राम

गेल्या महिन्यात भाचीला कोडिंगच्या क्लासला घालायचं म्हणून बहिणीसोबत कॉलेज रोडला गेलो होतो. तिथल्या सरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून संगणकाचा इतिहास सांगितला. अमेरिका, मग बंगळूर, मग आपण. फी ऐकून बहीण गप्प झाली. मी मात्र त्या तक्त्यावरच अडकलो. कारण आदल्याच आठवड्यात बातमीसाठी येवल्याला गेलो होतो आणि या इतिहासाचं पहिलं पान तिथे एका घरात छताखाली लटकताना बघून आलो होतो.

येवला म्हणजे तात्या टोप्यांचं गाव, बाबासाहेबांनी १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली ते गाव, आणि अर्थातच पैठणीचं गाव. गल्लीत शिरलं की मागाचा खटखट आवाज सुरू होतो. मी ज्या घरी गेलो तिथे दोन माग होते. एकावर जुनी पद्धत. पदरातला मोर विणायचा तर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, आणि कोणत्या धाग्याखालून कोणती न्यायची ते हाताने मोजून. शेजारच्या मागावर वर एक लाकडी-लोखंडी सांगाडा, आणि त्यातून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची लांबलचक माळ खाली लोंबकळत होती. प्रत्येक पट्टीला भोकं. कुठे दाट, कुठे विरळ.

"हे जकार्ड, दादा," विणकर म्हणाले. "एक पुठ्ठा म्हणजे एक ओळ. भोक असलं की धागा वर जातो, नसलं की खालीच राहतो."

मंडळी, संगणकाची भाषा याहून वेगळी नाही. आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. भोकासमोरची सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि धाग्याला घेऊन वर उचलला जातो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा सुटतो, धागा खाली. पुठ्ठे दोऱ्याने शिवून माळेची दोन्ही टोकं जोडली की तीच नक्षी पुन्हा पुन्हा येत राहते. क्लासमध्ये भाचीला ज्याला 'लूप' म्हणून शिकवणार आहेत, तो हाच.

फ्रान्समध्ये ल्यों नावाचं रेशमाचं शहर आहे. तिथल्या जोसेफ-मारी जाकारने १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवलं. सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यातलं नव्हतं. बुशाँने १७२५ सालीच भोकं पाडलेला कागद मागावर वापरून पाहिला होता. पुढे फाल्कन आणि व्होकाँसाँ यांनी त्यात भर घातली. जाकारने ते सगळं जुळवून चालतं यंत्र केलं. त्याआधी नक्षीचे दोर ओढायला विणकराच्या जोडीला एक माणूस, बहुतेक वेळा पोरगं, लागायचं. ते काम पुठ्ठ्याने घेतलं. नेपोलियनच्या सरकारने हा माग सार्वजनिक मालकीचा केला आणि जाकारला पेन्शन लावून दिलं, शिवाय प्रत्येक मागामागे ठरावीक रक्कम. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाकारचं एक चित्र रेशमात विणलं गेलं, चोवीस हजार पुठ्ठे लागले त्याला. लांबून बघणाऱ्याला ते छापीलच वाटे. त्याची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजच्या घरी होती. बॅबेज हा गणिती, स्वभावाने चिडका. त्या काळी 'कॉम्प्युटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, आणि माणसांनी केलेल्या कोष्टकांत चुका राहायच्या. त्यासाठी त्याने आकडेमोडीचं यंत्र करायला घेतलं. सरकारचे सतरा हजार पौंड गेले, यंत्र अर्धवटच राहिलं. पण तेवढ्यात त्याला दुसरं, मोठं यंत्र सुचलं होतं. कोणती क्रिया करायची आणि कोणत्या आकड्यांवर, हे सगळं भोकं पाडलेल्या कार्डांवरून समजून घेणारं. कल्पना सरळ जाकारच्या मागावरून उचललेली. यंत्राच्या एका भागाला त्याने 'मिल' म्हटलं आणि दुसऱ्याला 'स्टोअर', म्हणजे गिरणी आणि कोठार. आज त्यांना आपण प्रोसेसर आणि मेमरी म्हणतो.

१८४३ साली एडा लव्हलेस या बाईंनी त्या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि त्याला मूळ लेखापेक्षा मोठ्या टिपा जोडल्या. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढायच्या पायऱ्या क्रमवार मांडल्या आहेत. जगातला पहिला प्रोग्राम तो हाच म्हणतात. काही अभ्यासक म्हणतात, बॅबेजने तसं आधीच लिहून ठेवलं होतं. मला स्वतःला बाईंचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. हे यंत्र फक्त आकड्यांपुरतं नाही, नियमात बसवलं तर संगीतही रचू शकेल, हे त्यांनी ओळखलं. आणि समजवायला उपमा घेतली ती फुलं-पानं विणणाऱ्या मागाची.

पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथने कार्डं विजेच्या यंत्रात घातली. त्याची कंपनी इतरांत विलीन होऊन १९२४ साली आयबीएम झाली. माझ्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर काका सांगतात, कॉलेजात असताना प्रोग्राम म्हणजे कार्डांचा गठ्ठा, आणि तो हातातून पडला की दिवस वाया. म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ मारून ठेवायचे. येवल्यातले पुठ्ठे शिवलेले असतात, तो प्रश्नच नाही.

आता मुद्द्याचं. मी विणकरांना विचारलं, ही भोकं कुणी पाडली? म्हणाले, आधी आलेखाच्या कागदावर नक्षी काढायची, एक चौकट म्हणजे एक धागा, मग ओळीओळीने पुठ्ठे पंच करायचे. त्यांच्या वडिलांच्या हातचे काही संच अजून चालू आहेत. म्हणजे वडील प्रोग्रामर होते. त्यांना त्या नक्षीचे पैसे मिळाले का? विणकर हसले. पुठ्ठे मारायची मजुरी मिळाली, तेवढीच. नक्षी पुढे किती मागांवर गेली याचा हिशेब नाही. आता तर पुठ्ठ्याचीही गरज नाही. प्रदर्शनात साडीचा फोटो निघतो, त्याची फाईल होते, फाईल कुठल्या तरी यंत्रमागावर चढते आणि ती साडी पैठणी म्हणून खपते.

कागदावर संरक्षण आहे. पैठणीला जीआय आहे. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे, त्याच्या यादीत साडी येते. पण दुकानात तपासायला कोण जातं? निदान घेताना पदर उलटून बघा. हाताने मोजून विणलेला मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. जकार्डच्या साडीच्या मागे कापलेले किंवा सुटे धागे दिसतील. जकार्डही हातमागावर चालतो, त्यात कष्ट आहेत, ती साडी खोटी नव्हे. फक्त किंमत त्या हिशेबाने द्या. यंत्रमागावरची असेल तर दुकानदाराने तसं सांगायला हवं.

ल्योंच्या विणकरांनी १८३१ साली उठाव केला होता. तो मशिनविरुद्ध होता असं पुष्कळांना वाटतं. त्यांची मागणी साधी होती, विणाईचे किमान दर ठरवून द्या. हे मी येवल्यात सांगितलं तेव्हा विणकरांनी धोटा थांबवला आणि विचारलं, "मग मिळाले का ठरवून?"

मी म्हटलं, नाही. सैन्य आलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढचा पुठ्ठा ओढला.