मनःस्वास्थ्य अभ्यासक्रम (महाविद्यालयीन)

झोप, ताण, एकटेपणा, नाती आणि अपयश यांना तोंड देण्याची रीत सरावातून शिकविणारा, श्रेयांक असलेला अभ्यासक्रम. येल विद्यापीठात लॉरी सँटोस यांनी 2018 मध्ये सुरू केलेल्या अशा वर्गाला सुमारे 1,200 विद्यार्थी बसले आणि त्याची जगभर चर्चा झाली. आपल्याकडे अशा शिक्षणाची निकड आकड्यांतून दिसते: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातील विद्यार्थ्यांच्या 13,044 आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांपैकी 1,764, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त, महाराष्ट्रातील आहेत.

ग्रामीण महाराष्ट्रात असा अभ्यासक्रम का हवा, यासाठी हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घ्या. तेथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. अशा ग्रामीण भागात नुसता समुपदेशन कक्ष उघडून भागत नाही. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या खेड्यातून येणारा विद्यार्थी तास सुटताच परतीची एसटी गाठतो. शिवाय सगळे ओळखीचे असताना त्या कक्षाची पायरी चढणे म्हणजे ‘याच्या डोक्यावर परिणाम झाला’ या कुजबुजीला आयते निमित्त. वेळापत्रकातला तास मात्र सगळ्यांचाच असतो. तिथे बसायला कोणाला कारण सांगावे लागत नाही. राज्याच्या 2023 च्या श्रेयांक आराखड्यात सहअभ्यासक्रमांत आरोग्य व स्वास्थ्य, योग, एनएसएस यांना जागा आहेच. त्यामुळे वेगळी चौकट उभारण्याची गरज नाही.

अतिवृष्टीत सोयाबीन गेले आणि फी थकली, तर श्वासाचे व्यायाम काय कामाचे, हा आक्षेप रास्त आहे. अभ्यासक्रमाने कर्ज फिटत नाही आणि दुःखाचे खापर विद्यार्थ्याच्याच माथी फोडणारा वर्ग नसलेला बरा. परंतु खचलेला मित्र ओळखणे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फिरवणे, अडचण घरी बोलून दाखवणे या गोष्टी शिकवता येतात. दुसरा आक्षेप परिणामाचा. ब्रिटनमधील शाळांत 8,000 हून अधिक मुलांवर झालेल्या ‘मायरिअड’ चाचणीत (2022) सजगतेच्या (माइंडफुलनेस) तासांचा नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक फायदा दिसला नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील येलसारख्याच वर्गाच्या पाठपुराव्यात सराव पुढे चालू ठेवणाऱ्यांचाच लाभ टिकला. यावरून व्याख्यान आणि लेखी परीक्षा यांवर भागवलेला अभ्यासक्रम वाया जाणार, हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. हा समुपदेशकच वर्ग घेणाऱ्यांत असेल, तर ओळख आधी होते आणि गरज पडेल तेव्हा त्याच्याकडे जाणे अवघड वाटत नाही. त्यामुळे अशा अभ्यासक्रमाचे मोल किती जण वेळेत मदतीपर्यंत पोचले यावरून ठरवावे.