नराचा रकाना

मत्स्यबीज केंद्राच्या नोंदवहीत मादीसाठी रकानेच रकाने असायचे: वजन, पहिला डोस, दुसरा डोस, अंडी. नरासाठी एकच, नग किती. माझी नोकरी अशा वह्या भरण्यात गेली, म्हणून सांगतो, आमच्या धंद्यात नराची किंमत फार उशिरा कळली.

पूर्वी बीज नदीचं. पुरात जाळ्यात आलेलं जिरं, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं, मातीच्या हंड्यांत भरून हावड्याहून रेल्वेने दूरदूर जायचं. रोहू-कटल्याबरोबर नको ते मासेही तळ्यात उतरायचे. १० जुलै १९५७ला कटकच्या केंद्रातले हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, आणि बीज हाती आलं.

पद्धत अशी. माशाच्या डोक्यातली ग्रंथी काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची. मादीला दोन इंजेक्शनं, मध्ये साधारण सहा तास. दुसऱ्याच्या वेळी नराला एकच, किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅमचं. मग हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, एका मादीमागे दोन नर. हे दोन नर म्हणजे खरं तर विमा होता. एक कुचकामी निघाला तर दुसरा आहेच. त्यामुळे नराकडे कोण बारकाईने बघणार?

बघायचं म्हटलं तर अवघड नाही. छातीच्या परावरून बोट फिरवलं की तयार नराचा पर खरबरीत लागतो, पोट हलकेच दाबलं की दुधासारखं वीर्य येतं. आजारी नराचं पातळ, पाण्यासारखं येतं, किंवा येतच नाही. पोट फुगलेलं, खवले उभारलेले, गुदद्वार लाल दिसलं की एरोमोनास जिवाणूचा संशय घ्यायचा. अशा नरामागे हाप्यात सकाळी पांढरी, अपारदर्शक अंडी दिसतात. फळलेलं अंडं काचेसारखं स्वच्छ असतं. आणि दोष? इंजेक्शनचा, नाहीतर मादीचा.

या गटातल्या जिवाणूंची ओळख जुनी आहे. जर्मनीत १८९४ला एमेरिख आणि वायबेल यांनी ट्राउटच्या हॅचरीतल्या फुरुन्क्युलोसिस रोगाचं जिवाणूजन्य कारण दाखवलं होतं. तेव्हा मोजणी मेलेल्या माशांची झाली. जिवंत राहिलेल्या नराचं काय होतं, हा प्रश्न मागे पडला. उत्तर असं की संसर्गाच्या ताणाने कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं, नर संप्रेरकं घटतात, वृषणात शुक्राणू बनणं मंदावतं. उलट बाजूही आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. विणीच्या हंगामात नर संप्रेरकं चढली की प्रतिकारशक्ती उतरते. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या ट्राउटवरच्या अभ्यासांत विणीच्या नरांच्या कातडीतल्या श्लेष्म पेशी कमी झालेल्या दिसल्या, बुरशीही त्यांनाच जास्त धरत होती. म्हणजे आपण नराला जाळ्यात ओढतो, हाताळतो, सुई टोचतो, ते नेमकं तो सर्वांत दुबळा असताना.

आता नराचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात. गोठवल्याने जिवाणू मरतातच असं नाही. म्हणून गोठवण्याच्या द्रावणात प्रतिजैविक घालतात आणि त्याआधी नर तपासतात. नोंदवहीत त्याच्यासाठीही आता वजन, वीर्याचा रंग, शुक्राणूंची हालचाल असे रकाने आले आहेत.